दुसऱ्याच्या नावाला ओ

आग लागलेली नव्हती. नुसती तालीम होती, आणि ती होणार हे सगळ्यांना आठवडाभर आधी कळवलेलं होतं, त्यामुळे भोंगा वाजल्यावर कुणी धावलं-बिवलं नाही. चष्म्याच्या काचा घासणारे, काचांना कड मारणारे आणि तपासणीच्या खोलीत दिव्यासमोर काच धरून ओरखडे शोधणारे, असे एकोणीस जण चार मजले उतरून इमारतीमागे, गाड्या लावतात तिथे येऊन उन्हात उभे राहिले. कुणाच्या हातात चहाचा कप होता. भांडारपालाच्या गळ्यात सुरक्षेचं काम कुणीतरी मारलं होतं, तो यादी घेऊन एकेक नाव वाचू लागला. तपासणीच्या खोलीतल्या धाकट्याने आपल्या नावाला ओ दिली आणि तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मग पॅकिंगच्या बाईंचं नाव आलं. कुणी बोललं नाही. भांडारपालाने पुन्हा नाव घेतलं, आणि कड मारणारा कारागीर, चांगला माणूस, कुणाचं वाईट न चिंतणारा, मागून म्हणाला, "आहेत हो, आहेत. इथेच आहेत मागे. चला, पुढचं घ्या." भांडारपालाने खूण केली. दोघंतिघं हसले. धाकट्याने मागे वळून पाहिलं. मागे बाई नव्हत्या, एक मोटारसायकल होती आणि तिच्यावर कुणाचीतरी शाल टाकलेली होती.

पुढे जे झालं ते कारखान्यात बरेच दिवस चघळलं जाईल. धाकटा, जो अकरा वर्षांत कुणाशी चढ्या आवाजात बोलला नव्हता, तो "थांबा, थांबवा, खूण पुसा ती!" असं ओरडत जिन्याकडे पळत सुटला. चार मजले चढला. बाई पॅकिंगच्या टेबलामागे पाय पसरून निवांत बसल्या होत्या, गुडघे दुखतात म्हणून उतरल्याच नव्हत्या. त्याला तसा धापा टाकत आलेला बघून त्या घाबरून उठल्या. "अगंबाई, खरीच लागली की काय?" त्याने त्यांचा दंड धरला आणि तो धरूनच तिथे फरशीवर बसला. बाईंनी पाणी दिलं. खाली उतरल्यावर भांडारपाल म्हणाला, "अहो, तालीम होती. इतकं मनावर काय घ्यायचं?" आणि कड मारणारा कारागीर ओशाळून म्हणाला, "मी आपलं बाईंचं काम हलकं केलं." साहेबांनी धाकट्याला घरी जायला सांगितलं. हातातली तपासायची काच त्याने खिशातच घातली होती, हे त्याला रस्त्यावर आल्यावर कळलं.

काम हलकं केलं. त्यानेही जन्मभर दुसरं काय केलं होतं? दादा त्याच्याहून दीड वर्षाने मोठा. दादाची जीभ अडकायची. सगळ्यांचीच कधीमधी अडकते तशी नव्हे. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि दाराशी उभा राहायचा, आणि दादाची मान, खांदे, पापण्या सगळ्या मिळून त्याला बाहेर ढकलायच्या. तोंडी परीक्षेत एकदा दादा नापास झाला आणि धाकट्याच्याच वर्गात येऊन बसला. हजेरी सुरू झाली की दादाचं नाव येण्याआधीच त्याचे कान लाल व्हायचे. पहिल्या दिवशी वर्ग हसला. दुसऱ्या दिवशीही हसला. तिसऱ्या दिवशी धाकट्याने दादाच्या नावाला स्वतःच "हजर" म्हणून टाकलं, मास्तरांनी वर पाहिलंसुद्धा नाही. घरी आईला सांगितल्यावर आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "असंच करत जा. त्याचं बोलणं तू बोलत जा. तुला काय जड आहे?" जड काहीच नव्हतं. दोघांचा आवाजही एकाच घडणीचा, फोनवर आईलादेखील फसवता आलं असतं. मग दुकानात, दवाखान्यात, नोकरीच्या मुलाखतीत बाहेरच्या बाकावर, सगळीकडे धाकटा दादाच्या अर्धं पाऊल पुढे उभा राहायला लागला. दादाचा शब्द अडकला की तो कुठला असणार हे ह्याला कळायचं, निदान कळतं असं वाटायचं, आणि हा तो पुरा करायचा. दादा मान हलवायचा. एकदा खाली, एकदा वर, सावकाश. शब्द चुकीचा पुरवला असला तरी तशीच हलवायचा, कारण नाही म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात आली.

ही मान धाकट्याला पुरती ओळखता यायची, आणि ओळखूनही त्याने कधी मनावर घेतली नाही. दोघं भाऊ पाण्यात बुड्या मारायला एका बेटावर गेले, त्याच्या आधीचीच गोष्ट. तिथे वारा फार म्हणून दोघं गरम कपडे घ्यायला गेले होते. दुकानदाराने कुठला रंग दाखवू म्हणून विचारलं आणि दादा अडकला. दुकानात गर्दी होती. "नारिंगी," धाकट्याने म्हणून टाकलं. समोर तोच दिसत होता. दादाने मान हलवली. घरी आल्यावर धाकट्याच्या बायकोने विचारलं, "भाऊजी, तुम्हाला तर भडक रंग डोळ्यांपुढे नको असतो, हा कसा घेतलात?" दादा नुसता हसला आणि स्वेटर घडी करून पिशवीत ठेवला. त्याला निळा हवा होता म्हणे. हे तिने रात्रीच्या जेवणाआधी धाकट्याला सांगितलं, आणि धाकटा म्हणाला की आता परत कोण जाणार.

बेटाची कल्पना दादाची होती. दादाची नोकरी मत्स्यालयात, आणि तीही काचेच्या आतल्या बाजूची. पाठीवर हवेचं नळकांडं बांधून तो मोठ्या टाकीत उतरायचा आणि आतून काचा पुसायचा. बाहेर शाळेची मुलं काचेला नाक लावून हात हलवायची, दादाही हलवायचा. त्या नोकरीत बोलायचं काम नव्हतं. पाण्याखाली सगळेच मुके, सगळे हातांनी बोलणारे, आणि त्या भाषेत दादा कधी अडखळला नाही. एरवी शांत असणारा हा माणूस पाण्यात बडबड्या व्हायचा. त्याला एकदा खऱ्या समुद्रात, ज्याला चार भिंती नाहीत अशा पाण्यात उतरायचं होतं. सहा वर्षं त्याने रजा साठवली. "एकटा कसा जाईल? तिथे बोलायचं कुणी?" असं घरात ठरलं आणि धाकटा सोबत निघाला. त्यासाठी तो मत्स्यालयाच्या टाकीत महिनाभर श्वास घ्यायला शिकला, नाकातोंडात पाणी जाऊन दोनदा रडकुंडीला आला. दादाला एकट्याने जायचं होतं का, हे कुणी विचारलं नाही.

त्या बेटावर झाड म्हणून नव्हतं. वाऱ्याने उभं राहू दिलं नसावं. गवत एका बाजूला झोपलेलं, घरांची दारं फक्त एकाच दिशेला, आणि माणसं बोलताना एकमेकांच्या कानाशी तोंड नेणारी. तिथे एकच बोट पाणबुड्यांना घेऊन जायची आणि ती एका बाईची होती, साठीतली, तोंडाची कातडी वाऱ्याने पार रापलेली, बोलण्यात साखर-बिखर काही नाही. तिने पहिल्याच सकाळी सातही जणांना धक्क्यावर उभं केलं आणि पाण्यात अडचण आली तर वाजवायला प्रत्येकाच्या गळ्यात एकेक शिट्टी अडकवली. प्रत्येकाला धंदा विचारला आणि त्यावरून नावं पाडली. डॉक्टरीण, मास्तर, सुतार. धाकटा काचवाला झाला आणि दादा टाकीवाला. "तुमची खरी नावं माझ्या लक्षात राहायची नाहीत," ती म्हणाली. "आणि मी डोकी मोजत नाही. वारा सुटला की डोकी गुडघ्यांत जातात, शिवाय रबरी टोपडी घातली की सगळी डोकी सारखी. मी आवाज मोजते. वर आलात की मी नाव घेईन, ज्याचं त्याने ओ द्यायची. आपल्या नावाला आपणच. सात ओ आल्याशिवाय नांगर उचलायचा नाही, मग कितीका उशीर होईना." धाकटा पुढे होऊन तिच्या कानाशी म्हणाला, "माझ्या भावाला जरा बोलायला त्रास आहे, त्याच्या वतीने मी..." तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, "त्याला जीभ आहे ना?" "आहे." "मग मी थांबेन."

आणि ती थांबली. पहिल्या दिवशी सगळे वर आले, दात वाजत होते, तिने पाठमोरी उभी राहून, सुकाणू धरून, एकेक नाव घेतलं, आणि टाकीवाला म्हटल्यावर वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना. दादाचे खांदे हलायला लागले. डॉक्टरीणबाईंनी दुसरीकडे पाहिलं. धाकट्याच्या जिभेच्या टोकावर ओ आलेली होती, तो ती गिळत होता आणि शरमेने त्याची पाठ घामाने भिजत होती, त्या थंडीत. मिनिट गेलं असेल. बाईने वळून पाहिलं नाही, दुसऱ्यांदा नाव घेतलं नाही, घड्याळ बघितलं नाही. शेवटी एक जाडीभरडी, फाटकी ओ बाहेर पडली. "हं," बाई म्हणाली आणि नांगराकडे गेली. दादाने धाकट्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर असं काही धाकट्याने पाहिलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडलं नाही. आपल्या हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखं त्याला वाटलं.

खाली मात्र, पाण्यात, त्याला सगळ्याचा विसर पडायचा. वर एवढा वारा की टोपी टिकू नये, आणि दहा हात खाली गेलं की सगळं सावकाश. समुद्रशेवाळाच्या उंच वेली तळापासून उठून वरच्या उजेडाकडे गेलेल्या, त्या एकसाथ इकडे झुकायच्या, एकसाथ तिकडे. त्यांच्यातून मासे यायचे, इतके की मोजायचा विचारच मनात येऊ नये. चंदेरी, पट्ट्यापट्ट्यांचे, तळहाताएवढे, मांजराएवढे. थवा अंगावर यायचा आणि नेमका माणसापाशी दुभंगून मागे पुन्हा जुळायचा. सील नावाचे समुद्रप्राणी मासळीचा पाठलाग करता करता मध्येच थांबून ह्यांच्या तोंडाजवळ तोंड आणून बघायचे, मिशांसकट. दादा खडकांतल्या एका भेगेसमोर रोज जायचा. तिथे एक अष्टपाद होता. दादा बोट पुढे करून थांबायचा, नुसता थांबायचा, आणि पाच-सात मिनिटांनी भेगेतून एक सोंड यायची आणि त्याच्या बोटाला गुंडाळायची. घाई नाही, ओढाताण नाही. मग दादा धाकट्याकडे वळून हातांनी सांगत सुटायचा, हे बघ, ते बघ, वर बघ, मागे बघ, आणि धाकट्यालाच उत्तरं सुचायची नाहीत. त्या भाषेत तोतरा हाच होता. सहाव्या दिवशी दादाची ओ नाव घेतल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत आली. बाईने "हं"च्या ऐवजी "बरं" म्हटलं. त्या संध्याकाळी दादा एकटाच बेटावरच्या दुकानात जाऊन साबण घेऊन आला. एवढ्याशा गोष्टीने धाकट्याला झोप लागली नाही.

सातव्या दिवशी वारा फिरला. शेवटची बुडी होती. धाकट्याची हवा नेहमीप्रमाणे लवकर संपत आली; त्याने खूण केली. दादाने नांगराच्या दोरीकडे बोट दाखवलं: तू वर हो, मी दोरीशी थांबून येतो. वर येताना दोरी धरून पाण्यातच तीन मिनिटं थांबायचं असतं, ते धाकटा अर्धवट थांबला आणि वर आला. बोट जागच्या जागी आपटत होती. त्याला भडभडून उलटी झाली. एकेक जण वर येत होता, कण्हत होता, डोकं गुडघ्यांत घालून बसत होता. डॉक्टरीणबाईंचे ओठ काळेनिळे पडले होते आणि त्या म्हणत होत्या, "निघा आता, निघा लवकर." बाईने नावं घ्यायला सुरुवात केली. सुतार. मास्तर. काचवाला, धाकट्याने ओ दिली. टाकीवाला. वारा. धाकट्याच्या डोळ्याच्या कडेला नारिंगी रंग होता, नळकांड्यांच्या घोडीपाशी, खाली वाकून बसल्यासारखा. आता मिनिटभर सगळ्यांनी कुडकुडायचं, ह्याच्यासाठी. डॉक्टरीणबाईंना काही झालं तर? "ओ," धाकटा म्हणाला, डोकं वर न करता. एका घडणीचा आवाज. बाई क्षणभर थांबली. तिला तो फार लवकर आल्यासारखा वाटला का, की आनंद झाला, कोण जाणे. "बरं," ती म्हणाली. नांगर वर आला, इंजिन सुरू झालं.

तो स्वेटर होता. दादाने पाण्यात उतरण्याआधी काढून नळकांड्यावर टाकलेला.

बेटाच्या आडोशाला यायला वीस मिनिटं लागली. तिथे बाई सगळ्यांना गरम चहाचे पेले वाटायची, त्यात एक पेला उरला. ती त्या पेल्याकडे बघत उभी राहिली, ते धाकट्याला आजही दिसतं. परत गेले तेव्हा त्या जागी पाणीच पाणी होतं, पांढरं झालेलं. दादा साडेतीन तासांनी सापडला, दूरच्या एका खडकावर, सीलांच्या मध्ये, त्यांच्या अंगाला अंग लावून पडलेला. त्या उबेनेच जगला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चौकशीला जो अधिकारी आला होता त्याने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: "तुम्ही तुमच्या नावाला ओ दिली होती का?" धाकटा म्हणाला, "दिली होती." ह्यात खोटं काय होतं? बाई म्हणाली, "मी सात ओ मोजल्या." अधिकाऱ्याने तिचा बोटीचा परवाना काढून घेतला. दादाला कागद दिला, त्यावर त्याने लिहिलं, "मला काही माहीत नाही." तीन महिन्यांनी धाकट्याने धीर करून बेटावरच्या दुकानात फोन लावला होता. दुकानदार म्हणाला की बोट किनाऱ्यावर पालथी पडली आहे, तिच्याखाली कुणी कोंबड्या ठेवल्यात आणि बाई लेकीकडे गेली; कुठे, ते माहीत नाही. निरोप आहे का काही? धाकटा नाही म्हणाला.

त्या बुडीपासून अकरा महिने दादा बोललेला नव्हता. अडखळलासुद्धा नव्हता. शब्द दाराशी येणंच थांबलं होतं. मत्स्यालयात तो पुन्हा टाकीत उतरेना, तेव्हा तिथे दुसरा माणूस आला. धाकट्याने त्याला आपल्या घरी आणलं, मागची खोली दिली, आणि डॉक्टरांशी, शेजाऱ्यांशी, फोनवर, दारावर, सगळीकडे त्याच्या वतीने तो बोलत राहिला. पूर्वीपेक्षा जास्त. दादा दिवसभर खिडक्यांच्या काचा पुसायचा.

आजही पुसत होता. चार वाजले असतील. धाकटा अवेळी घरी आला तरी त्याने वळून पाहिलं नाही. फडकं गोल गोल फिरत होतं, टाकीत फिरायचं तसं, वरून खाली. धाकटा खाटेच्या कडेला टेकला. खिशातली काच मांडीला टोचत होती. "दादा," तो म्हणाला, "आज कारखान्यात आगीची तालीम होती." मग ते सगळं बाजूला सारून, एका दमात: "त्या दिवशी तुझ्या नावाला ओ मी दिली होती. बाईची चूक नव्हती. मी दिली." फडकं फिरत राहिलं. काचेचा खालचा कोपरा झाला, चौकट झाली. मग दादाचे खांदे हलायला लागले, आणि धाकट्याला आधी वाटलं तो रडतोय.

"म... मा... माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"ऐ... ऐकलं."

पुढचं सांगायला त्याला किती वेळ लागला ते धाकट्याने मोजलं नाही. ह्या वेळी तो मध्ये बोलला नाही. बाईसारखा थांबला, जीभ दातांखाली धरून. दादा वर आला होता. बोटीच्या पुढल्या टोकाच्या पलीकडे, वीस हातांवर, एका लाटेच्या आड. त्याने तोंडातली नळी काढली होती. बाईने त्याचं नाव घेतलेलं त्याला स्वच्छ ऐकू आलं. त्याने तोंड उघडलं. आणि मग त्याला त्याच्याच नावाला दिलेली ओ ऐकू आली, भावाच्या आवाजात, आणि इंजिनाचा आवाज.

"तुझ्या गळ्यात शिट्टी होती, दादा," धाकटा म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला ओळखू येईना. "शिट्टी का नाही वाजवलीस?"

दादा वळला. त्याच्या हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं. "ना... नाव घेतलं होतं ना तिने," तो म्हणाला. "ओ द्या... द्यायची होती. ये... येत होती. त्या वेळी ये... येतच होती रे."

रस्त्यावरून कुणीतरी गेलं. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. दादा अजून त्याच्याकडे बघत होता आणि त्याला आणखी काही सांगायचं होतं, हे दिसत होतं. "मी तुला..." तो म्हणाला आणि अडकला. मान ताठ झाली, पापण्या थरथरल्या, ओठ एकमेकांना लागले आणि सुटेनात. धाकटा थांबला. आणखी थांबला. आता ह्या एका शब्दावर त्याचं सगळं टांगलेलं होतं, आणि तो येत होता, येतच होता. दादाची गळ्याची शीर फुगली होती, कपाळावर घाम आला होता. बाई इथे थांबली असती. कितीही थांबली असती. धाकट्याने उशीचा कोपरा मुठीत धरला, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा दादाकडे पाहिलं. त्याला ते सोसवेना.

"माफ केलंस?" त्याने म्हणून टाकलं.

दादाचे ओठ सैल झाले. खांदे खाली आले. तो थोडा वेळ धाकट्याच्या तोंडाकडे बघत राहिला, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा, मग त्याने मान हलवली. एकदा खाली, एकदा वर, सावकाश. स्वेटर घेताना हलवली होती तशी. मग फडकं पिळून तो दुसऱ्या खिडकीकडे गेला.